त्या सर्वपित्रीची खीर

माझे चुलत दीर येशूच्या प्रार्थनेला जायला लागले असं कानावर आलं, तेव्हा मी सगळ्यात आधी त्यांच्या बायकोचे कान बघितले. नवीन कुड्या आल्यात का ते. नव्हत्या. मग सायकल बघितली. तीच जुनी, मडगार्ड सुतळीनं बांधलेलं. एकदा उगाच विरजण मागायच्या निमित्तानं त्यांच्या घरात जाऊन आले, गव्हाची गोणी, दुधाच्या भुकटीचा डबा असं काही दिसतंय का म्हणून. काही नव्हतं. तुम्हाला वाटेल माझा संशय फिटला असेल. उलट वाढला. काही पदरात पडल्याशिवाय माणूस देव बदलतो, हे माझ्या डोक्यात शिरेना. आणि पदरात पडलेलं दिसत नाही म्हणजे ते लपवलेलं आहे, असं मी धरून चालले.

आमचं गाव तारापूरच्या बाजूला, दांडीच्या अलीकडे, खाडीला लागून. घरामागे वाडी, वाडीपलीकडे भातशेत आणि शेताला लागून खाडीचा बांध. दीर बोईसरला रंगाच्या कारखान्यात कामाला. एका आठवड्यात त्यांची बोटं पिवळी, दुसऱ्या आठवड्यात निळी. पूर्वी पगाराच्या दिवशी ते पिऊन यायचे, सायकल हातात धरून, कारण बसून चालवता यायची नाही. मग एकदम बंद झालं. त्यांच्याबरोबर बॉयलरवर दक्षिणेकडचा एक माणूस होता, त्याच्या खोलीवर रविवारी पाच-दहा जण जमायचे, हिंदीत गाणी म्हणायचे आणि डोळे मिटून रडायचे, असं गावात सांगत. रडतात हे ऐकून मला जास्तच शंका आली. सुखासुखी कोण रडतं?

पण हे सगळं कुठून सुरू झालं ते सांगायचं तर मला मागे जावं लागेल, मी लग्न होऊन आले त्या वर्षापर्यंत. सत्तर साल उलटून बराच काळ झाला होता, कारखाने उभे राहत होते आणि गावातली तरणी माणसं एकेक करून तिकडे लागत होती.

आमच्या शेताच्या बांधात एक उघाडी होती. ज्यांनी खाडीकाठची शेती बघितली नाही त्यांना सांगते. बांधात एक लाकडी दार बसवलेलं असतं, वरच्या बाजूनं टांगलेलं. ओहोटीला शेतातलं पावसाचं पाणी ते दार ढकलून बाहेर जातं. भरती आली की खाडीचं पाणीच त्याला बाहेरून दाबून बंद करतं. माणसानं हात लावायचा नाही, एवढंच. हात लावला आणि भरतीला दार उघडं राहिलं की खारं पाणी शेतात.

त्या वर्षी सासरे जाऊन वर्ष होऊन गेलं होतं. सर्वपित्रीला त्यांच्या नावानं पान वाढायचं होतं. घरातली मी नवी सून, म्हणून सासूबाईंनी मोठ्या मायेनं खीर माझ्याकडे दिली. तांदळाची खीर, सासऱ्यांना फार आवडायची म्हणे. वडे आणि भाज्या त्यांनी केल्या. सगळ्या गावाची पानं एकाच वेळी, त्यामुळे भर दुपारी बाहेर चिटपाखरू नव्हतं. अमावास्येची भरती आमच्याकडे दुपारीच येते. आम्ही जेवून हात धुतो आहोत तोवर कुणीतरी ओरडत आलं की तुमच्या शेतात खाडी शिरली.

आम्ही गेलो तेव्हा उघाडीचं दार मोडून एका बाजूला लोंबत होतं. भात पोटरीतून बाहेर पडलेलं, लोंब्या धरलेल्या, आणि गुडघ्यापर्यंत खारं पाणी. आठ दिवसांत शेत वाळल्या गवताच्या रंगाचं झालं, मग कागदाच्या. दार कुजलं असेल, असं लोक म्हणाले. चिखल सुकल्यावर माझ्या नवऱ्याला शेतात एक मुसळ सापडलं. सासूबाईंनी ते बघितलं. म्हणाल्या, पितरांनी पान घेतलं नाही. रागानं हे टाकलं.

मी नवीन असले तरी गप्प बसणारी नव्हते. म्हटलं, आई, मुसळ काय आभाळातून पडतं? कुणाच्या तरी घरचं असेल. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुढचं गिळलं. "तू नको बोलूस त्यातलं," एवढंच म्हणाल्या. मुसळ त्यांनी गोठ्याच्या माळ्यावर पेंढ्याखाली सरकवलं आणि आम्हा दोघांना बजावलं की कुठे बोलायचं नाही. त्या दिवशी आपल्या घरात काहीतरी वंगाळ घडलं, त्याचं हे फळ, असं त्या अधूनमधून म्हणायच्या. काय घडलं ते कधी म्हणाल्या नाहीत.

शेतातलं मीठ पुढच्या पावसाळ्यांनी धुवून नेलं. पाणी साठवायचं, ओहोटीला सोडायचं, परत साठवायचं. हळूहळू भात धरायला लागला. पण सासूबाईंच्या मनातून ती दुपार गेली नाही. दरवर्षी सर्वपित्री जवळ आली की त्या मला माझ्या माहेरी सफाळ्याला पाठवायच्या. तुझ्या आईकडेही पान असतं, तिला हात लाव, मी इथलं बघते. शेजारणी म्हणायच्या, सणाकामाला सुनेला माहेरी धाडणारी सासू आम्ही बघितली नाही, नशीब काढलंस. मीही तसंच समजायची. इतकी संशयी मी, पण तिथे मला काही संशय आला नाही.

आता परत दिरांकडे येते. ऐंशीची मधली वर्षं असतील. सासूबाईंना दम्यानं अंथरुणाला खिळवलं होतं. रात्रंदिवस उशीला टेकून बसायच्या. मरणाला त्या भीत नव्हत्या, म्हणजे दुखण्याला, श्वास कोंडण्याला. त्यांची भीती वेगळीच. वर गेल्यावर ह्यांना काय तोंड दाखवू, म्हणायच्या. त्यांच्या पानाचा मान मला राखता आला नाय. हे सारखं. मी पाय चेपत बसायची आणि ऐकायची.

अशात श्रावणात एका दुपारी दीर ओटीवर येऊन बसले. नवरा कामावर होता. म्हणाले, काकीसाठी प्रार्थना करू काय? मी चहा टाकला, पण दारातून हलले नाही. मनात म्हटलं, आलं बघ. म्हातारं माणूस शेवटाला आलं की ह्यांना वास येतो. आत सोडलं तर उद्या गावात बोभाटा, त्यांच्या घरची म्हातारी बाटली.

मग आमची तिथेच जुंपली. भांडण नव्हे, पण मी एकेक विचारायची आणि ते सांगायचे. ते म्हणाले, आपण सगळेच पापी. मी म्हटलं, मी काय केलंय? सकाळी उठून शेण काढते ते पाप? ते म्हणाले, पाप म्हणजे नुसती चोरी-मारामारी नाय वहिनी, देवाकडं पाठ फिरवून आपलंच खरं करत राहणं, ते मूळ, बाकीच्या फांद्या. आणि त्या पाठ फिरवण्याचा शेवट मरण. नुसतं देहाचं नाय, आतलं. मी म्हटलं, मग तुमचे प्रार्थनेवाले मरत नाहीत वाटतं? मरतात, म्हणाले, पण येशूनं आपलं मरण स्वतःवर घेतलं आणि तो परत उठला, म्हणून आमाला आता त्याची भीती नाय.

"आणि त्याच्यासाठी काय करायचं?" मी विचारलं. "उपास? दान?"

"काय नाय. त्यानं केलंय, आपण घ्यायचं. फुकट हाय."

फुकट म्हटल्याबरोबर माझे कान टवकारले. बोईसरच्या बाजारात पातेल्यावर डाव फुकट मिळतो, त्या डावाची किंमत पातेल्यात असते हे मला पक्कं माहीत होतं. मी तसं म्हटलं. आणि दुसरं म्हटलं की असं फुकट माफ व्हायला लागलं तर कुणीही काहीही करील आणि रविवारी रडून मोकळा होईल. मग ज्याचं वाटोळं झालं त्यानं काय करायचं?

त्यांनी बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "आपल्याला फुकट, वहिनी. देणाऱ्याला नाय."

मला ते पाठ केलेलं वाटलं. त्या बॉयलरवाल्यानं शिकवलेलं. ते पुढे म्हणाले की त्याच्यामुळे मरणाचं दार उघडलंय, काकीला एवढं सांगू दे. मी म्हटलं, "दाराचं आमच्यापुढं नका बोलू भावजी. आमचं दार एकदा उघडं राहिलं, त्याचं काय झालं ते तुमी बघितलंय."

मी काही मनात धरून बोलले नव्हते. पण त्यांचा चेहरा एकदम पडला. चहा अर्धा टाकून उठले, सायकल घेतली आणि गेले. मला वाटलं, बरं झालं, शब्द लागला.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला परत हजर. या वेळी बसले नाहीत. खांबाला धरून उभे राहिले आणि म्हणाले, त्या सर्वपित्रीला उघाडी मी उघडी ठेवलेली. बोईसरला परमुलखातून आलेल्या कामगारांना आपले सणवार नव्हते, त्यामुळे कोळंबीला गिऱ्हाईक कायम. भरतीच्या लोटाबरोबर कोळंबी आत येते, दाराला टेकू द्यायचा, आतल्या बाजूला जाळं लावायचं, थोडा वेळ धरायचं आणि टेकू काढायचा, असा त्यांचा बेत. तेवढ्यात त्यांच्या आईची हाक आली, पान वाढलंय, पितरांचं पान खोळंबून ठेवायचं नाही. ते गेले. लगेच येतो म्हणून गेले आणि पंगतीतून उठता येईना. येऊन बघतात तर जाळं नाही, टेकू नाही आणि दार मोडलेलं. तसेच पळाले.

खरं सांगते, मला ते पटलंच नाही. मी ऐकलं होतं की त्यांच्यात उभं राहून सगळ्यांसमोर आपली पापं सांगतात, त्याला साक्ष म्हणतात. मला वाटलं, ह्यांना सांगण्यासारखं पाप मिळालं नसेल म्हणून आमचं उचललं. किंवा कबुलीनं आम्हाला पाघळवायचं आणि मग म्हातारीपर्यंत पोचायचं. म्हणून मी विचारलं, टेकू कशाचा लावलेला?

"आईच्या मुसळाचा," ते म्हणाले. "खालचं लोखंडी कडं निघालेलं, तिथं तार गुंडाळलेली. आई नंतर कितीतरी दिवस शोधत होती."

मी गोठ्यात गेले. माळ्यावरचा पेंढा उपसला. मुसळ काळं पडलं होतं, त्याला उंदरांनी कुरतडलं होतं. टोकाला तार होती. गंजलेली, पण होती. ते मुसळ माझ्या हातात, मी गोठ्यात उभी, आणि पहिला विचार काय आला सांगू? की आता ह्यांना आत सोडायलाच हवं. अडवायला माझ्याकडे काही राहिलं नव्हतं.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. उशीला टेकून, डोळे अर्धे मिटून. दीर जमिनीवर बसले होते, मुसळ मध्ये आडवं.  मग त्यांनी विचारलं, "पोटभर जेवलास ना तेव्हा?"

"जेवलो, काकी."

"काय होतं?"

"वडे होते. आणि भोपळ्याची भाजी."

"तुझ्या आईचे वडे चामट असायचे," सासूबाई म्हणाल्या, आणि हसायला गेल्या तर ढास लागली. मी पाठ चोळली. ढास थांबल्यावर त्यांनी माझा हात धरून ठेवला, सोडला नाही.

"म्हणजे खिरीत काय नव्हतं," म्हणाल्या.

मला कळेना. मी म्हटलं, खिरीत काय असायचं?

"मी आपलं धरून चालले होते. तू अडचणीची असशील. नवी पोर, सणाच्या दिवशी सांगायची लाज वाटली असेल, म्हणून तशीच चुलीला लागलीस. आणि पितर कोपले." त्या थांबून थांबून बोलत होत्या. "तुला कधी विचारलं नाय. विचारलं असतं तर तू नाय म्हटलं असतंस आणि मला ते खरं वाटलं नसतं. म्हणून तुला दरवर्षी सफाळ्याला धाडायची. परत तुझा हात लागू नये म्हणून."

तुम्ही कधी उन्हातून येऊन गार पाणी एकदम प्यायलात तर कपाळात कळ येते, तसं झालं मला. दर वर्षीचं ते पिशवी भरणं, ते सफाळ्याच्या गाडीला सोडायला येणं, कपाळावरून हात फिरवणं, शेजारणींचं नशीब काढलंस म्हणणं, सगळं डोळ्यांसमोरून उलटं गेलं.

"त्यानं त्याचं सांगितलं," सासूबाई म्हणाल्या. "आता मी माझं सांगितलं. तुझ्या मनाला येईल तसं कर."

दिरांनी तोंड उघडलं. काहीतरी त्यांच्यातलं म्हणणार होते. मी म्हटलं, "तुमी गप बसा भावजी. तुमचं झालं ना सांगून?" आणि हात सोडवून घेऊन मागच्या दारी विहिरीवर गेले. नारळाच्या बुंध्याशी किती वेळ बसले कोण जाणे. राग दिरांचा नव्हता आला. त्यांनी आमचं एक पीक नासवलं, पावसानं ते मीठ धुवून काढलं. राग म्हातारीचा आला होता. माझ्या माथी तिनं ते पाप मारलं, त्याचा मला पत्ताही नाही, आणि वर माया दाखवली.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो दिरांच्या दारात जाऊन खूप बोलला. दिरांनी मान खाली घालून ऐकलं, पुढे दिवाळी होईपर्यंत दोघांत बोलणं नव्हतं. पण नवऱ्याचं रागावणं सोपं होतं, बोलून घरी आला, जेवला, झोपला. माझं तसं नव्हतं. मला रोज तिचं अंग पुसायचं होतं. औषध द्यायचं होतं. सगळं करायची, फक्त बोलायची नाही. त्या माझ्या तोंडाकडे बघायच्या, काही विचारायच्या नाहीत. वर जाऊन ह्यांना काय तोंड दाखवू हे त्यांचं म्हणणं आता बंद झालं होतं. त्याच्या जागी हे बघणं आलं होतं. त्या कशासाठी थांबल्यात ते मला कळत होतं, आणि माझ्या तोंडून तो शब्द निघत नव्हता. असू दे, आई, झालं ते झालं, एवढंच तर म्हणायचं होतं. घशापर्यंत यायचं आणि मला वाटायचं, म्हणजे हिला असं फुकटच?

मग भाद्रपद संपत आला. यंदा सफाळ्याचं नाव कुणी काढलं नाही. सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी मी तांदूळ निवडायला बसले तेव्हा त्या उशीवरून म्हणाल्या, खीर तू करणार ना? मी हो म्हटलं. बस, एवढंच बोलणं.

सकाळी न्हाऊन चूल पेटवली. दूध आटत होतं आणि मी ढवळत होते. ती पहिली खीर कशी केली होती ते आठवायला लागलं. किती भीत भीत केली होती, दूध फाटेल, तळाला लागेल, सासऱ्यांना चालेल की नाही. त्या पोरीची मला फार दया आली. आणि का कोण जाणे, तिच्यामागं इतकी वर्षं मनात चडफडणाऱ्या म्हातारीचीही आली. दरवर्षी चुलीपुढे एकटीच वाफ खात बसायची आणि तरी मनाला चैन नाही. पण दया आली म्हणून राग गेला असं समजू नका. राग होता. तो गिळून खाली ढकलावा लागला, चांगला मोठा घास असावा तसा. दुखलं.

पितरांना पान दाखवायच्या आधी चाखायचं नसतं. मीठ-साखर अंदाजानं. पण मी पातेलं उतरवलं, वाटी घेतली, पहिला डाव त्या वाटीत घातला आणि आत गेले. सासूबाईंनी वाटीकडे बघितलं.

"अजून पान नाय दाखवलं," म्हणाल्या.

"असू दे. आधी तुमी खावा. गेलेल्यांना नंतर."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, परत वाटीकडे. मी शपथेवर सांगते, क्षणभर त्यांच्या डोळ्यांत मला संशय दिसला, हिनं काही घातलं तर नाही ना असा. मग त्यांनी तोंड उघडलं. मी भरवलं. वाटी संपेपर्यंत भरवलं.

"गोड कमी हाय," म्हणाल्या.

"तेव्हापण होती," मी म्हटलं. "तुमी बोलला नाहीत."

आणि मग आम्ही दोघी हसलो. त्यांना ढास लागली, मी पाठ चोळली.

थंडीत त्या गेल्या. शेवटचे काही दिवस फार शांत होत्या. ह्यांनी विचारलं तर सांगीन, म्हणाल्या होत्या, खीर बरोबर होती. घरातली आणि भावकीतली माणसं जमली. दीरही आले. नवऱ्यानं त्यांना खांदा देऊ दिला. बरेच जण बघत होते, हा येशूचा, ह्याला कसा दिला म्हणून. दीर तिरडीजवळ वाकले तेव्हा त्यांचे ओठ हलत होते. मी समोरच होते. जुन्या सवयीनं मी त्यांच्या ओठांकडे टक लावून बघत राहिले, कुठलं नाव घेतायत ते कळावं म्हणून.

नंतर तेराव्यापर्यंत ते रोज येत होते. एकदोनदा ओटीवर आम्ही दोघंच होतो, विचारायला हरकत नव्हती. चहा दिला, साखर बरी आहे का विचारलं. ते नावाचं विचारायचं राहू दिलं.